अर्ध्या बोटाची कड

गल्लीत त्यांना सगळे गुण्याकाका म्हणत. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं सुताराचं हत्यार. काका सुतार नव्हते, बाइंडर होते. पण वाकडं काही दिसलं की त्यांचा हात आपोआप पुढे व्हायचा. कुणाकडे गेले तर चहा येईपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करून ठेवायचे. बँकेच्या रांगेत पुढच्या माणसाच्या पासबुकाचा दुमडलेला कोपरा त्यांना बघवायचा नाही. काकू सांगायच्या, "आमचा लग्नातला फोटो बघा. सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत. हे मागच्या पडद्याकडे. एका बाजूनं उतरला होता ना तो."

दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मधोमध कटिंग मशीन, ओतीव लोखंडाचं, वर हाताने फिरवायचं चाक. एका भिंतीला पुठ्ठे, दुसरीला कापडाचे गुंडाळे. कोपऱ्यात खळीचं पातेलं. खळीत मोरचूद घातलेलं, म्हणजे पुस्तकाला कसर लागत नाही. खोलीला कायम त्या खळीचा आंबूस वास. पलीकडे पडदा, आणि पडद्यामागे खाट, ओटा, दोन खुर्च्या, संसार.

काम वाटून घेतलेलं होतं. कापणं, पुठ्ठा चढवणं, सोनेरी अक्षरं उमटवणं काकांकडे. जुजबंदी काकूंकडे. पानांची एकेक घडी घ्यायची, दोऱ्याने मागच्या घडीला ओवायची, आणि असं करत पुस्तकाचा कणा उभा करायचा. काकू बुटक्या स्टुलावर वाकून बसत. शिवण्याआधी घड्या मोजत आणि शिवून झाल्यावर पुन्हा मोजत. काका बाहेरून ओरडत, "झालं का?" काकू आतून म्हणत, "मोजतेय. मध्ये बोलू नका, पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावाल."

काकांना काम शिकवणारा उस्ताद दोन गोष्टी सांगून गेला होता. बाइंडरने पानं मोजावीत, वाचू नयेत. आणि कडेला लिहिलेलं कुणाच्या कामाचं नसतं, ते कापायचंच असतं. चौतीस वर्षं काकांनी दोन्ही पाळलं. विद्यार्थ्यांचे प्रबंध, वकिलांचे निकाल, शाळांची हजेरीपुस्तकं, कुणाच्या वडिलांच्या डायऱ्या. सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. त्यांनी त्यातली एक ओळ वाचली नाही. त्यांना त्याचा अभिमान होता.

काकूंना गाठी झाल्या तेव्हा त्या पन्नाशीच्या पुढे होत्या. डॉक्टर म्हणाले, पिशवी काढून टाकू. मोठं इस्पितळ, चकचकीत फरशी, नावाजलेला सर्जन. सहाव्या दिवशी पट्टी सोडली. काकांनी टाके बघितले. एका रेषेत, एका अंतरावर, पट्टी लावून मारल्यासारखे. त्या टाक्यांकडे बघून त्यांना त्या माणसाबद्दल आदर वाटला. हे ते पुढे स्वतःच सांगत, आणि सांगताना जमिनीकडे बघत.

मग दुखणं सुरू झालं. आधी अधूनमधून, मग रोज. ताप यायचा, जायचा. अन्न टिकेना. तीनदा सर्जनकडे गेले. तो पहिल्यांदा म्हणाला, गॅस आहे. दुसऱ्यांदा म्हणाला, चिकटलं असेल थोडं. तिसऱ्यांदा म्हणाला, "शिवण उत्तम भरलीय. आता मनातून काढून टाका. या वयात बायकांना असं वाटतं."

घरी परतताना रिक्षात काकू म्हणाल्या, "मनात आहे म्हणे. मनात असतं तर वाकल्यावर का टोचलं असतं?"

"डॉक्टर आहेत ते," काका म्हणाले. "आपल्यापेक्षा त्यांना जास्त कळत असेल ना? जरा फिरायला जात जा संध्याकाळी."

काकू फिरायला जाऊ लागल्या. पोटावर हात धरून, गल्लीच्या टोकापर्यंत आणि परत. महिनाभर. काकांनी नंतर पुष्कळ गोष्टींचा पश्चात्ताप केला. पण काकूंना फिरायला पाठवल्याचा सगळ्यात आधी.

आठव्या महिन्यात त्या स्टुलावरून उठताना पडल्या. दुसऱ्या इस्पितळात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोट उघडलं आणि आतून कापडाचा बोळा काढला. रक्त टिपायला आत घालतात तो. त्याच्याबरोबर हातभर आतडंही कापावं लागलं.

शुद्धीवर आल्यावर काकूंना सगळं सांगितलं. त्यांनी पोटावरच्या पट्टीवरून हात फिरवला. मग म्हणाल्या, "मी आयुष्यभर लोकांना सांगत आले, मी काही बोळ्यानं दूध पीत नाही. आणि बोळा माझ्याच पोटात."

लेक फोनवर रडत होती. काकूंनी तिलाही तेच ऐकवलं. लेक हसली, आणि मग पुन्हा रडली.

काकू वाचल्या. पण वाकून बसणं संपलं. दहा मिनिटं स्टुलावर बसल्या की घाम फुटायचा. जुजबंदी बंद पडली. काका सुटी पानं टोचून शिवायला लागले. दिसायला पुस्तक, पण उघडलं की मिटायला धावणारं. गिऱ्हाइकांना कळायचं नाही. काकूंना खाटेवरून नुसत्या आवाजावरून कळायचं. "अहो, कितवं भोक हे? इतकी टोचलीत तर पान फाटेल की."

वकीलबाई काकांचं जुनं गिऱ्हाईक. तरुण, घाईत बोलणारी, दर वर्षी निकालांचे जाड अंक बांधायला टाकणारी. तिनेच सांगितलं, रुग्णांच्या तक्रारी ऐकणारा आयोग आहे, भरपाई मागता येते. दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च, काकूंचं बंद पडलेलं काम, भोगलेला त्रास.

काकू म्हणाल्या, "आणि माफी?"

"माफी आयोग देत नाही, काकू. भरपाई देतो."

"मग भरपाईच्या कागदावर लिहा म्हणावं, की चूक झाली. कुणाची झाली तेही. मला मनाचं आहे म्हणाले होते. ते मनाचं नव्हतं एवढं लिहून आलं तरी पुरे."

हे ऐकून काका पडद्याबाहेर गेले आणि उगाच मशीनचं चाक पुसत बसले. कारण मनाचं आहे असं फक्त सर्जन म्हणाला नव्हता.

इस्पितळातून कागद मिळवायला काकांना सात खेपा घालाव्या लागल्या. नोंदविभागाच्या खिडकीतला माणूस कधी जेवायला गेलेला, कधी सही करणारे रजेवर. शेवटी एका दुपारी त्याने खिडकीतून एक गठ्ठा सरकवला. दोनशे चौदा कागद. सगळे झेरॉक्स, सगळ्यांवर शिक्का. पण काय अवस्था. काही आडवे, काही उभे. काही तिरके छापलेले. काहींच्या कडा बाहेर आलेल्या, एका कोपऱ्याला चहाचा डाग. एका नाडीने कसेतरी आवळलेले.

काकांना तो गठ्ठा हातात धरवेना. काकूंच्या दुखण्याचे कागद, आणि असे. रद्दीत टाकल्यासारखे.

वकीलबाईंनी फोनवर एवढंच म्हटलं होतं, कागद आले की आणून द्या. दुसरा कुणी असता तर तसाच गठ्ठा देऊन मोकळा झाला असता. काकांनी दुकानाचं दार लोटून घेतलं. कागद तारखेप्रमाणे लावले. सुट्या पानांना पट्ट्या चिकटवून जोड्या केल्या. जोड्यांच्या घड्या केल्या. आणि स्वतः स्टुलावर बसून जुजबंदी घातली, जन्मात पहिल्यांदा एवढी लांब.

काकू खाटेवरून बघत होत्या. "दोरा ओढताय की विहिरीतून पाणी काढताय? हळू."

"हळूच ओढतोय."

"मोजलंत का?"

"दोनशे चौदा."

"शिवायच्या आधी की नंतर?"

"दोन्ही वेळा."

"बरं झालं. डॉक्टरांनी तुमच्याकडे शिकायला यायला हवं होतं."

तीन दिवस लागले. शेवटी मशीनवर घेतलं. पानं ठोकून एका पातळीत आणताना कडेच्या ओळी वरखाली झालेल्या दिसत होत्या. एका कागदाच्या उजव्या कडेला कुणीतरी हाताने उभं काहीतरी लिहिलेलं होतं, मुंग्यांची रांग भिंतीवर चढावी तसं. काकांच्या नजरेला ते पडलं. त्यांनी वाचलं नाही. चाक फिरवलं, गठ्ठा दाबला, मूठ ओढली. अर्धं बोट कागद तिन्ही बाजूंनी निघून गेला. कडा आरशासारख्या झाल्या.

निळं कापड चढवलं. वर सोनेरी अक्षरांत काकूंचं नाव.

वकीलबाईंनी ते पुस्तक हातात घेतलं आणि उलटसुलट करून बघितलं. मग कडेवरून अंगठा फिरवून म्हणाली, "काका, इतकी देखणी फाइल मी आजवर बघितली नाही. आयोगासमोर ठेवायलाच जीव होणार नाही."

काका त्या दिवशी घरी चालत आले. खूष होते.

तक्रार दाखल झाली. इस्पितळाचं उत्तर आलं. उत्तर असं होतं: शस्त्रक्रियेच्या शेवटी सर्व कापडी बोळे मोजले, मोजणी पूर्ण भरली, फॉर्मवर तशी नोंद आहे. तक्रारदार बाईंचं सत्तावीस वर्षांपूर्वी बाळंतपणात सीझर झालेलं आहे. सापडलेला बोळा त्या वेळचा असू शकतो.

काकू म्हणाल्या, "म्हणजे सत्तावीस वर्षं मी तो सांभाळत होते? लेकीबरोबर जुळा?"

पण हसण्यावारी नेण्यासारखं ते नव्हतं. ज्या सूतिकागृहात लेक झाली ते केव्हाच बंद पडलेलं, तिथे आता चष्म्याचं दुकान. बोळा दुसऱ्या इस्पितळाने तपासणीनंतर नियमाप्रमाणे जाळून टाकलेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तो ताजाच वाटत होता, पण शपथेवर किती जुना ते मी सांगू शकत नाही. आणि मूळ फाइल दाखवा म्हटलं तर पहिल्या इस्पितळाने कळवलं, नोंदविभाग दुसऱ्या इमारतीत हलवताना ती गहाळ झाली.

उरलं ते काकांनी बांधलेलं पुस्तक.

दीड वर्ष असंच गेलं. मग वकीलबाईंना त्या दिवशी ऑपरेशन थिएटरमध्ये असलेली सिस्टर सापडली. ती ते इस्पितळ सोडून एका छोट्या दवाखान्यात काम करत होती. फोनवर आधी नाही म्हणाली. मग एका दुपारी स्वतःहून वकीलबाईंच्या ऑफिसात आली. काकाही होते. पिशवी मांडीवर धरून ती खुर्चीच्या टोकावर बसली.

"एक कमी होता," ती म्हणाली. "मी दोनदा मोजले. सरांना सांगितलं. सर म्हणाले, खाली पडला असेल, पुढची केस उभी आहे. फॉर्मवर 'मोजणी पूर्ण' असं छापलेलंच असतं, फक्त सही करायची. न करून चालत नाही. मी सही केली."

वकीलबाई लिहून घेत होती.

"पण सहीच्या शेजारी कडेला मी लिहिलं. एक कमी, सरांना सांगितलं, किती वाजले होते तेही. जागा नव्हती म्हणून कागद फिरवून उभं लिहिलं. आहे ते फाइलमध्ये. तुम्ही बघितलं असेलच."

वकीलबाईंनी निळं पुस्तक उघडलं. हसतच पानं उलटली. पान एकशे सतरा. फॉर्म होता. सही होती. सहीच्या शेजारी कागद संपत होता. सरळ, स्वच्छ, गुण्यात.

सिस्टरने पुस्तक स्वतःकडे ओढलं. कडेवर बोट ठेवलं. "इथे," ती म्हणाली. "इथेच होतं."

काकांनी त्या कडेकडे बघितलं. मुंग्यांची ती रांग त्यांना पुन्हा दिसली. या खोलीत ती फक्त त्यांना दिसत होती.

"मी कापलं," ते म्हणाले.

कुणाला ते पटकन कळलंच नाही. काकांना पुन्हा सांगावं लागलं.

सिस्टर गेल्यावर वकीलबाई बराच वेळ पेनचं टोपण काढघाल करत बसली. तिनेही त्या कडेवरून अंगठा फिरवला होता. ते दोघांनाही आठवत होतं.

"काका, एक विचारू? हे पान तुमच्याकडे आलं तेव्हा किती रुंद होतं, हे तुमच्याशिवाय कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही."

"झेरॉक्स काढताना कड सुटते कधीकधी. इस्पितळानं मुद्दामही सोडली असेल. तुम्ही बाइंडिंगसाठी केसभर कापलं असेल. केसभर." ती टेबलाकडे बघत होती. "मी काही सांगत नाहीये. नुसतं विचारलं."

काका उठले. ते तिथून थेट रद्दीवाल्याकडे गेले. दर महिन्याला कापलेल्या पट्ट्यांचं पोतं तोच न्यायचा.

"दीड वर्षापूर्वीच्या पट्ट्या?" रद्दीवाला हसला. "काका, त्यांचा आतापर्यंत पुठ्ठा होऊन तुमच्याच दुकानात परत आला असेल."

काका घरी आले. काकूंनी विचारलं, सिस्टर काय म्हणाली? काका म्हणाले, एक कमी होता म्हणाली, आयोगात सांगायला येणार आहे. काकू उठून बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी रंग आला. "मोजलं होतं म्हणजे तिनं. मोजलं होतं." कडेचं काका बोलले नाहीत. आज नाही, उद्या सांगू, असं करत नऊ दिवस गेले. त्या नऊ दिवसांत त्यांनी एकाही पुस्तकाला मशीन लावलं नाही. गिऱ्हाइकांना सांगितलं, पातं धार लावायला दिलंय.

सुनावणीला काकू आल्याच. नको म्हटलं तरी आल्या. "माझ्या पोटाची गोष्ट, आणि मी घरी बसू?"

आयोगाची खोली शाळेच्या वर्गासारखी होती. पुढे लांब टेबल, मागे तीन खुर्च्या, मधल्या खुर्चीत अध्यक्षबाई. सर्जन दुसऱ्या रांगेत, हातावर हात ठेवून. केस नीट विंचरलेले, चेहरा शांत. सिस्टरने जे ऑफिसात सांगितलं तेच सांगितलं. इस्पितळाच्या वकिलाने अगदी गोड आवाजात विचारलं, बाई, तुम्ही तिथून नोकरी सोडलीत ती भांडून ना? ती हो म्हणाली. मग त्याने पान एकशे सतरा उघडून तिच्यापुढे धरलं. दाखवा कुठे लिहिलंय ते.

सिस्टरने काकांकडे बघितलं. वकीलबाईंनी बघितलं नाही.

अध्यक्षबाईंनी पुस्तक मागवून घेतलं. चष्मा वर करून कड बघितली. "हे बांधलं कुणी?"

काका उभे राहिले. "मी."

"हा कागद तुम्हाला मिळाला तेव्हा इतकाच रुंद होता का?"

हो म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. नऊ दिवस काकांनी ते अक्षर तोंडात घोळवलं होतं. हो म्हटलं असतं तर सिस्टरचं म्हणणं उभं राहिलं असतं. इस्पितळाने कड दडवली, फाइल हरवली, सगळं एका ओळीत बसलं असतं. आणि कडेला ते लिहिलेलं होतंच. म्हणजे ते खोटं तरी किती खोटं? त्यांनी सर्जनकडे बघितलं. मघाशी याच जागी उभा राहून तो म्हणाला होता, मोजणी पूर्ण होती. तेही एवढ्याच शांतपणे म्हणता येतं, हे काकांनी आज बघितलं होतं.

"नाही," काका म्हणाले. "मी कापलंय."

"किती?"

"अर्धं बोट. तिन्ही बाजूंनी."

"कडेला काही लिहिलेलं होतं?"

"होतं."

"काय?"

"मी वाचलं नाही."

"वाचलं नाही?" अध्यक्षबाईंना खरंच कळेना. "तुमच्या पत्नीचे कागद तुम्ही वाचले नाहीत? मग कापलंत का?"

"कडा सरळ नव्हत्या," काका म्हणाले.

मागे कुणीतरी हसलं. काकांनी मागे वळून बघितलं नाही, कारण मागे काकू होत्या.

बाहेर व्हरांड्यात लाकडी बाक होतं. काकू त्यावर जाऊन बसल्या. काका उभेच राहिले. वकीलबाई फाइली छातीशी धरून आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"काका, एक हो म्हटलं असतंत तर."

"बाई," काकू मध्येच म्हणाल्या, "त्यांनी दडवलेलं आठ महिने पोटात वागवलं मी. आता ह्यांचंही वागवायला लावू नका."

वकीलबाई जिना उतरून गेली.

मग दोघंच उरली. आत दुसरी केस पुकारली गेली. एक शिपाई पाण्याची कळशी घेऊन गेला.

"मला घरी का नाही सांगितलंत?" काकूंनी विचारलं.

काकांनी बाकाच्या पाठीवरून हात फिरवला.

"मी रागावले असते म्हणून?"

"नाही," काका म्हणाले. "रागावली नसतीस म्हणून."

काकूंनी मान वळवली. मग त्या म्हणाल्या, "अक्षर कसं होतं?"

"कुणाचं?"

"सिस्टरचं. कडेचं. वाचलं नाहीत म्हणता, पण बघितलंत ना?"

काकांनी आठवून बघितलं. "बारीक. घाईतलं. पण ओळ सरळ होती."

काकूंनी मान हलवली. तेवढंच. परतीच्या बसमध्ये त्या खिडकीशी बसल्या, आणि थांबा येईपर्यंत बोलल्या नाहीत. त्या रागावल्या होत्या. तीन दिवस रागावलेल्या राहिल्या. काकांना त्या तीन दिवसांत जरा बरं वाटलं.

निकाल चार महिन्यांनी आला. अकरा पानं, पिनेने टोचलेली. वकीलबाईंनी ती स्वतः आणून दिली. वर अपील करता येतं म्हणाली, पण नजर दाराकडे होती. तक्रार फेटाळली होती. भरपाई नाही.

काकू खाटेवर पडून होत्या. "वाचा," त्या म्हणाल्या.

"मी?"

"मग कोण?"

काका खाटेशेजारी उभे राहिले आणि वाचायला लागले. त्यांना मोठ्याने वाचायची सवय नव्हती. ओळ संपली की थांबत, जणू पुढचं पान मोजून घ्यायचं आहे. पहिल्या चार पानांत कोण काय म्हणालं ते होतं. पुढच्या तीन पानांत जुने निकाल. सिस्टरच्या सांगण्याला कागदाचा आधार नाही, असं आठव्या पानावर होतं. बोळा कोणत्या शस्त्रक्रियेतला हे निश्चितपणे सांगता येत नाही, असं नवव्यावर. दहाव्या पानावर काका अडखळले.

"काय झालं?"

"काही नाही. अक्षर बारीक आहे."

"वाचा ना."

त्यांनी वाचलं. "तक्रारदाराच्या पतीने आपली चूक आयोगासमोर प्रामाणिकपणे मान्य केली आहे. तथापि, त्या चुकीमुळे नष्ट झालेल्या पुराव्याचा लाभ तक्रारदारास देता येणार नाही."

शेवटचं पान सह्यांचं होतं. काकांनी कागद मिटले. पुन्हा उघडले. पहिल्यापासून सगळी पानं डोळ्यांखालून घातली, बोट फिरवत, ओळ ओळ. काकू वाट बघत होत्या.

"डॉक्टरचं नाव आहे का कुठे?" त्यांनी विचारलं.

"पहिल्या पानावर आहे."

"आणि चूक?"

"एकाच ठिकाणी आहे," काका म्हणाले. "माझी."

बाहेर कुणीतरी दुकानाच्या दारावर टकटक केली. काका हलले नाहीत. टकटक करणारा थोडा वेळ थांबला आणि निघून गेला. काका ती अकरा पानं हातात धरून उभेच होते. पिन तिरपी टोचलेली होती, पानं एका बाजूला सरकली होती, आणि त्यांनी ती सरळ केली नाहीत.

काकूंनी हळूच पाय आखडून घेतले आणि खाटेवर त्यांना बसायला जागा केली.